आठ मार्चची हजेरी

२४ फेब्रुवारी

ताई,

माझ्या लग्नाच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही मला एक वाक्य सांगितलं होतं. तुम्ही उशांचे अभ्रे बदलत होतात आणि मी नव्या घरात हात कुठे ठेवावेत ते न कळून उभी होते. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "या घरात तुला काही झालं, तर आवाज बाहेर जाऊ देऊ नकोस, माझ्यापर्यंत येऊ दे." मला इतकं बरं वाटलं होतं! वाटलं, चला, नणंद तरी आपली निघाली. पुढे अकरा वर्षं मी तसंच केलं. आणि शेवटी तुम्हीच मला आणि छोटीला पहाटेच्या बसमध्ये बसवून दिलंत. सख्ख्या भावाच्या घरातून त्याच्याच बायकोला पळून जायला मदत करणारी दुसरी नणंद मी तरी पाहिलेली नाही.

त्याला आता दोन वर्षं आणि एक महिना झाला.

बातमी चांगली आहे, म्हणून आधी ती लिहायला हवी होती. या हॉस्पिटलच्या लाँड्रीत मला पहिल्या शिफ्टची प्रमुख केलं आहे. सोळा बायका, चार मोठी मशीनं आणि चादरी दाबणारा एक रोलर, जो दर मंगळवारी रुसतो. माझ्या हाताखाली कोणी असेल असं कधी वाटलं नव्हतं. कोणाला काही सांगायचं तर माझा आवाज आपोआप विनवणीचा होतो. मग बायका हसतात आणि काम करून टाकतात.

मागणं एकच. आठ मार्चला हॉलमध्ये हजेरी घ्याल तेव्हा माझंही नाव येईल. गेली दोन वर्षं तुम्ही माझ्या वतीने नुसतं "आहे" म्हणालात, तसंच या वर्षीही म्हणा. गाव नाही, काम नाही, बढती तर मुळीच नाही. छोटीचे बाबा अजून विचारतात का, ते लिहा. जिन्यावर पुरुषाच्या चपलांचा आवाज झाला की छोटी अजूनही पेन्सिल खाली ठेवते आणि माझ्याकडे बघते.

पत्र नेहमीसारखं आपल्या कारखान्याच्या गेटवरच्या बाईंकडे पाठवते आहे. फोन नकोच. तुमचा फोन ते उचलून बघतात.

तुमची

---

२ मार्च

अगं कॉलर,

शिफ्टची प्रमुख! मी चेकिंगच्या टेबलावर बसून पत्र वाचलं आणि अशी हसले की काजं करणारी आपली काजवाली स्वतःचं मशीन थांबवून म्हणाली, "काय ताई, लॉटरी लागली का?" म्हटलं, "तसंच समज," आणि पत्र घडी करून ठेवलं. तू नऊ वर्षं या लाइनवर शर्टांच्या फक्त कॉलरी शिवल्यास, म्हणून तुला सगळ्या कॉलरच म्हणायच्या. आता काय म्हणायचं? चादर? नको बाई, कॉलरच बरी. ताठ असते.

इकडे आठ तारखेची धांदल सुरू आहे. या वर्षी तीस नव्या मुली आल्यात. त्यांना वाटतं महिला दिन म्हणजे फुगे. म्हणून ठरवलंय, सगळं पहिल्यापासून सांगायचं. बेचाळीस बायकांच्या लाइनला टॉयलेटसाठी एकच बिल्ला असायचा, तो परत आल्याशिवाय दुसरीने उठायचं नाही. त्याविरुद्ध आम्ही चार दिवस मशीनं बंद ठेवली आणि कंपनीने मस्टरवर सगळ्यांना गैरहजर मांडलं. त्या संध्याकाळी मागच्या हॉलमध्ये आम्ही आमची स्वतःची हजेरी घेतली. तेव्हापासून या हजेरीत गैरहजर कोणी नसतं. जी आलेली नाही ती कुठे आहे, कशी आहे, हे जिला माहीत असेल तिने उठून सांगायचं. नाव एकदा चढलं की उतरत नाही. तुझ्या वतीने मीच बोलणार, काळजी करू नकोस.

धाकट्याचं विचारलंस. रात्री आठला माझ्याकडे जेवायला येतो. पिणं बरंच कमी केलंय. तुझ्याबद्दल विचारत नाही, छोटीबद्दल मात्र एकदा म्हणाला, "आता तिला चष्मा लागला असेल का गं?" मला वाटतं तो बदललाय. दर वर्षीसारखा खुर्च्या उचलायला हॉलवर येईल.

स्वतःला जप. प्रमुख झालीस म्हणून सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर जाऊ नकोस.

ताई

---

९ मार्च

ताई,

आमच्याकडेही काल महिला दिन झाला. मोठे साहेब लाँड्रीत आले, टबवर फळी टाकून तिच्यावर उभे राहिले आणि बायकांच्या हक्कांवर पाऊण तास बोलले. आमची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. कपड्यांची छाननी करणारी आमची एक थोरली बाई आहे, ती माझ्या कानात म्हणाली, "हक्क मिळाले, डबा राहिला." मला हसू आवरेना. साहेबांना वाटलं, मला गहिवरून आलं.

पण मन तुमच्याकडेच होतं. साडेचार वाजले तेव्हा वाटलं, आता हजेरी सुरू झाली असेल. माझं नाव बरंच खाली येतं. पाचपर्यंत हातात एकच चादर घेऊन उभी होते.

ते बदललेत, असं तुम्ही लिहिलंत. बदलले असतील. मला त्यावर भांडायचं नाही. पण एक सांगू? कॉलर शिवून उलटवली की तिचं टोक काढायला मनगट आतल्या बाजूने फिरवावं लागतं. माझं डावं मनगट आता तेवढं फिरत नाही. माझ्या शेवटच्या महिन्यातल्या कॉलरींची टोकं बोथट येत होती, आणि चेकिंगच्या टेबलावर तुम्ही त्या एकही न टाकता पास करत होतात. आपण दोघींनी त्यावर एक शब्द काढला नाही. मी इथे चादरी निवडल्या, कारण चादरीला टोक काढावं लागत नाही.

खुर्च्या उचलायला ते येतात आणि बायका त्यांचं कौतुक करतात, हे मला आठवतं. "ताईंचा भाऊ किती गुणाचा!" मी पण तिथेच उभी असायची. हसायची.

काल कसं झालं ते लवकर कळवा. माझ्या नावाला तुम्हीच बोललात ना?

तुमची

---

१४ मार्च

कॉलर,

कार्यक्रम छान झाला. तीनशे अकरा नावं झाली. माझा घसा अजून बसलेला आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. नव्या मुलींना बिल्ल्याची गोष्ट फार आवडली. एकीने विचारलं, "मग कोणी रडलं का?" म्हटलं, "रडायला वेळ कुठे होता?"

तिकडे हवा कशी आहे? तुमच्या लाँड्रीच्या गेटवर पहारेकरी असतो का, आणि तो आत येणाऱ्याला विचारतो का? तू अजून पहिल्याच शिफ्टला आहेस की बदलून मागता येते? छोटी शाळेतून एकटी येते का? आता मोठी होतेय, कोणीतरी बरोबर असलेलं बरं.

बाकी सगळं ठीक.

ताई

---

१९ मार्च

ताई,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. दोन वर्षांत तुम्ही मला गेट, शिफ्ट आणि शाळेचा रस्ता कधी विचारला नव्हतात. आणि माझ्या एकाच प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

परवा सकाळी लाँड्रीच्या ऑफिसात फोन आला होता. क्लार्कबाई हसतच बाहेर आल्या. "तुमच्या मिस्टरांचा फोन होता. किती गोड बोलतात हो! तुमच्या बढतीचं अभिनंदन करायचं होतं. म्हणाले, तिला सांगू नका, मी अचानक येणार आहे. पण मला बाई राहवलं नाही." मी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत? "काही नाही, तुमची सुट्टी किती वाजता होते, एवढंच."

ताई, क्लार्कबाईंवर रागवायचं तरी कसं? मीच त्यांना सांगितलं होतं, मिस्टर दूर नोकरीला आहेत. मी आत गेले, रोलरजवळ उभी राहिले. हात चालत होते. चादरीची कड कडेला लागत होती. मी नीट काम करत होते आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.

मग परत जाऊन क्लार्कबाईंना एवढंच म्हटलं, माझ्याबद्दल कोणाचाही फोन आला तर मी इथे नाही म्हणा, कोणाचाही. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वहीत तशी सूचना लिहून ठेवली. कारण विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

छोटीला अजून काही बोलले नाही. इथली शाळा सोडायची म्हटलं तर ती काय म्हणेल? या वर्षी पहिल्यांदा तिने वर्गात हात वर केला, असं तिच्या बाईंनी सांगितलं होतं. घरातल्या पिशव्या काढून बघितल्या. दोनच आहेत. आमचं सामान आता दोन पिशव्यांत मावणार नाही.

मला पुन्हा पळायचं आहे की नाही, हे तुमच्या उत्तरावर आहे. आठ तारखेला माझ्या नावाला कोण बोललं? काय बोललं? खरं लिहा.

---

२३ मार्च

कॉलर,

लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहिते.

तुझं नाव आलं तेव्हा मी नळावर होते. घसा बसला होता, यादी दुसरीच्या हातात देऊन पाणी प्यायला गेले. दोन मिनिटं. तुझं नाव दोन नावं आधी आलं असतं तर मी हॉलमध्येच असते. बाहेर मला टाळ्या ऐकू आल्या. आत आले तर काजवाली उभी, तोंड फुललेलं. "आहे!" म्हणाली, "आपली कॉलर आहे! मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत शिफ्टची प्रमुख झाली!" आणि गावाचं नाव. आपल्या हजेरीत नाव पुकारल्यावर कोणी गप्प राहू देत नाही, तुला ठाऊक आहे. तिने प्रेमाने सांगितलं गं.

तिला कोणी सांगितलं, हे विचारशील. मी. तुझं पत्र आलं त्या दिवसाचं मी तुला लिहिलं होतं, की पत्र घडी करून ठेवलं. ठेवलं, पण आधी तिला सांगून. मला इतका आनंद झाला होता की तो कोणाला तरी दिल्याशिवाय राहवेना. कोणाला सांगू नकोस, एवढं म्हणाले. पण त्यात भीतीचं काही आहे हे तिला कसं कळणार? दोन वर्षांपूर्वी मीच सगळ्यांना सांगितलं होतं की तू चांगल्या नोकरीसाठी गेलीस आणि धाकटाही मागून जाणार आहे. तोही तेच सांगत फिरतो. आम्ही भावंडांनी ठरवून काही केलं नाही, पण माझी थाप त्याला आयती मिळाली.

संध्याकाळी तो खुर्च्या उचलायला आला. काजवाली त्याला म्हणाली, "भाऊ, पेढे कुठेत? बायको प्रमुख झाली आणि तुम्ही गप्प!" त्याच्या हातात चार खुर्च्या होत्या. त्याने त्या एकेक करून खाली ठेवल्या. म्हणाला, "हो ना. जाणारच आहे मी तिकडे." मग माझ्याकडे बघून हसला. घरी एक शब्द बोलला नाही. पुढचे चौदा दिवस, रोज आठ वाजता, माझ्यासमोर बसून जेवला. मी रोज ठरवायचे आज बोलायचं, आणि रोज त्याला विचारायचे, अजून भाजी वाढू का?

काल तो आला नाही. खोलीला कुलूप आहे, बॅग नाही.

काल तुमच्या ऑफिसात तीनदा फोन केला. क्लार्कबाई म्हणाल्या, या नावाचं इथे कोणी नाही. मी म्हटलं, अहो मी नणंद आहे तिची. त्या म्हणाल्या, नणंद असा नाहीतर आणखी कोणी. फोन ठेवून मी तिथेच पायरीवर बसले. बरंही वाटलं.

टपालाला वेळ लागेल म्हणून हे पत्र कापडाच्या ट्रकवरच्या ड्रायव्हरकडे देते. पत्र मिळताच छोटीला घेऊन कुठेतरी जा. कुठे ते मला कळवू नकोस.

तोंडाने त्याला अडवायला हवं होतं, ते मी कागदावर लिहिते आहे.

ताई

---

३१ मार्च

ताई,

तुमचं पत्र गेल्या मंगळवारी मिळालं. छोटीचे बाबा सोमवारीच आले होते.

मी कुठेही गेलेले नाही. आधी हे वाचा, म्हणजे तुम्हाला नीट श्वास घेता येईल. मग बाकीचं.

सोमवारी सुट्टी झाली तेव्हा ते गेटसमोर रस्त्याच्या पलीकडे उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीतून एक लहान फ्रॉक बाहेर आलेला. छोटीला तो आता खांद्यातही बसणार नाही. ओरडले नाहीत, पुढे आले नाहीत. नुसतं हसून हात वर केला, आणि माझ्याबरोबरच्या छाननीवाल्या बाई मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "अगं, आले बघ तुझे! मघाशी जेवणाच्या सुट्टीत चौकात गेले होते, तर हेच मला रस्ता विचारत होते. मीच आणून सोडलं इथपर्यंत."

मी परत आत पळाले. पायऱ्यांवर धुतलेल्या कपड्यांची ट्रॉली होती, तिला धरून उभी राहिले. आमच्या सगळ्या बायका मागून आल्या. कोणी म्हणे पाणी द्या, कोणी म्हणे चक्कर आली असेल. आणि ताई, मी सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही, वाक्यं सरळ आली नसतील. मनगट पुढे केलं आणि ते किती फिरतं ते दाखवलं. बहुतेक तेवढंच पुरलं. मग छाननीवाल्या बाई अशा चिडल्या, पण माझ्यावर! "हे आधी नाही सांगायचं? सोन्यासारखा रस्ता दाखवला गं मी त्याला! दोन वर्षं माझ्या शेजारी बसून डबा खातेस, तुझ्या तोंडाला काय शिवण घातली होती का?"

क्लार्कबाई तिथे रडायला लागल्या. त्यांना समजावण्यात माझी भीती थोडी विसरले.

कोणी मोठं काही केलं नाही. दोघी मागच्या दाराने जाऊन छोटीला शाळेतून घेऊन आल्या. पहारेकऱ्याला ते दाखवून ठेवले. मला पोचवायला रोज तिघी येत होत्या, दुसऱ्याच वाटेने. मंगळवारीही ते उभे होते. बुधवारी छाननीवाल्या बाई एप्रन न काढताच रस्ता ओलांडून गेल्या, मागून आणखी सात-आठ जणी. मी खिडकीतून बघत होते. नंतर त्यांनी मला सांगितलं. त्या म्हणाल्या, "इथे उभं राहू नका. तुम्ही कोण ते आम्हाला माहीत आहे." ते हसून म्हणाले, "माहीत असायलाच हवं, मी तिचा नवरा आहे." बाई म्हणाल्या, "ते नाही. मनगटाचं." बस. तेवढंच. ताई, त्यांचा चेहरा मी लांबूनही पाहिला. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, कोणी ऐकलं का म्हणून. भाजीवाली ऐकत होती, रिक्षावाले ऐकत होते. पिशवी काखेत मारून ते चालायला लागले.

मी तेव्हापासून त्या एका गोष्टीवर विचार करते आहे. ते आठ बायकांना घाबरले नाहीत, ऐकणाऱ्या रस्त्याला घाबरले. इतकी वर्षं आपण सगळ्यांना घाबरलो, ते कशालाच घाबरत नव्हते, कारण काही बोललंच जाणार नाही याची त्यांना खात्री होती. ती खात्री त्यांना मी दिली आणि तुम्ही दिलीत.

आतापर्यंत ते तुमच्याकडे परत आले असतील. तुम्ही जेवायला वाढलं असेल. मला त्याचा राग नाही, खरंच नाही. आई गेली तेव्हा ते सहा वर्षांचे होते, तुम्ही सोळाच्या. तुम्ही त्यांचे केस विंचरून त्यांना शाळेत सोडायच्या आणि मग कामाला जायच्या, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंय. मला सांगताना तुमचा हात अजूनही हवेत भांग पाडतो.

पण ते पुन्हा येतील. मला रोज सुट्टीच्या वेळी पलीकडचा फुटपाथ बघावा लागतो. छोटी विचारते, "आज आहेत?" जोपर्यंत तिकडच्या तीनशे बायकांना वाटतं की मी नोकरीसाठी आले आणि ते गुणाचे आहेत, तोपर्यंत त्यातली कोणीही, अगदी मायेने, त्यांना माझा नवा पत्ता देईल. उद्या मी गाव बदललं तरी देईल. काजवालीला दोष देऊ नका. तिला काय माहीत होतं?

म्हणून हे मागते आहे. पुढच्या आठ मार्चपर्यंत थांबू नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी तुमची हॉलमध्ये बैठक असते, म्हणजे येत्या आठवड्यात. तिथे उभ्या राहा आणि सांगा, की मी नोकरीसाठी गेले नाही. माझं मनगट कोणी मोडलं ते सांगा. नुसतं 'नवऱ्याने' म्हणू नका. त्यांचं नाव घ्या, आणि तो माझा भाऊ आहे, मी त्याला वाढवलं, असं म्हणा. माझ्या तोंडून आलं तर ते नवरा-बायकोचं भांडण होईल. तुमच्या तोंडून आलं तर त्या ऐकतील.

मी काय मागते आहे ते मला कळतं. त्या दिवसानंतर तुमच्या घरी आठ वाजता कोणी जेवायला येणार नाही. तुम्ही नाही म्हणाल, हे धरूनच मी लिहिते आहे. उत्तर 'नाही' असेल तर तेवढा एकच शब्द लिहून पाठवा, ताई. कारणं लिहू नका. ती सगळी मला पाठ आहेत, आणि त्यातली अर्धी मलाही पटतात.